प्रामुद्या अनंता तूर: तुरुंगामुळे मोठे, की लिखाणामुळे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही इंडोनेशियन लेखक प्रामुद्या अनंता तूर यांची 'बूमी मानुसिया' ही कादंबरी इंग्रजीतून वाचलीत. गोष्टीने धरून ठेवलं, पण भाषा साधी वाटली आणि प्रसंग जरा जास्तच नाट्यमय वाटले. नंतर कळलं, की या लेखकाचं नाव नोबेलसाठी वर्षानुवर्षं घेतलं जायचं. मग हेही कळलं, की 1960च्या दशकात हाच लेखक दुसऱ्या लेखकांवर तुटून पडला होता. म्हणून तुम्ही विचारताय: 14 वर्षं डांबून ठेवलं म्हणून जगाने त्यांना डोक्यावर घेतलं, की लिखाणातच तेवढं बळ आहे?

मी 20-22 वर्षं तौलनिक साहित्य शिकवते. प्रामुद्यांनी बूरू बेटावर कैदेत रचलेल्या चार कादंबऱ्या ('बूमी मानुसिया' त्यातली पहिली) बहुतेक दर वर्षी वर्गात वाचल्या आहेत. आधी इंग्रजीतून, आणि पुढे इंडोनेशियन शिकल्यावर मुळातून. त्या अनुभवावरून सांगते. उत्तर बऱ्याच अंशी यावर ठरतं, की तुम्ही कुठलं पुस्तक हातात घेतलंय आणि कुठे बसून वाचताय. इंडोनेशियात त्यांचं जे स्थान आहे आणि जगात जे आहे, ती दोन वेगळी स्थानं आहेत, आणि ती वेगळ्या कारणांनी मिळालेली आहेत. हा गुंता सोडवला नाही, तर 'थोर' किंवा 'फुगवलेला' यापलीकडे आपण जात नाही.

आधी तुरुंगाचं, कारण ते टाळता येत नाही. जन्म 1925चा, मध्य जावातल्या ब्लोरा गावचा. वडील शाळामास्तर. डच सैन्य परत आलं तेव्हा स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले म्हणून 1947 ते 49 डचांच्या तुरुंगात. देश स्वतंत्र झाला, आणि 1960 साली इंडोनेशियातल्या चिनी लोकांची बाजू घेणारं 'होआकियाउ दि इंडोनेशिया' लिहिलं म्हणून स्वतःच्याच सरकारने, पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या काळात, पुन्हा आत टाकलं. मग ऑक्टोबर 1965: लष्कराने कम्युनिस्टांची धरपकड आणि कत्तल सुरू केली तो काळ. जमाव घरावर चालून आला, लष्कराने त्यांना उचललं, कागदपत्रं आणि ग्रंथसंग्रह नष्ट झाला. त्या वेळच्या मारहाणीत कान अधू झाले ते कायमचे. 1969 साली बूरू बेटावर पाठवलं आणि 1979च्या डिसेंबरात सोडलं. खटला एकदाही चालला नाही. सुटल्यावरही जकार्ताबाहेर जायला बंदी, आणि अशा सुटलेल्या सगळ्यांच्या ओळखपत्रावर 'ई टी', म्हणजे माजी राजकीय कैदी, असा शिक्का. वसाहतवादी सरकार, स्वातंत्र्यानंतरचं सरकार आणि लष्करी सरकार, तिघांनीही त्यांना कोंडलं. यामुळे जगाचं लक्ष गेलं हे अगदी खरं. पण छळ सोसलेले लेखक विसाव्या शतकात कमी नव्हते, आणि त्यातले बरेच आज कुणी वाचत नाही. तुरुंगामुळे नाव कानावर येतं. पुस्तक दुसऱ्यांदा उघडायला लावणं हे तुरुंगाचं काम नाही.

आता तुमची खरी तक्रार: प्रसंग भडक का वाटतात? याचं कारण मला फार उशिरा उमगलं, आणि उमगल्यावर माझं सगळं वाचन बदललं. बूरूवर त्यांना सुरुवातीची काही वर्षं कागद-लेखणी मिळतच नव्हती. लिहायची परवानगी मिळाली 1973मध्ये. त्याआधी ही कथा त्यांनी सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. दिवसभर जंगल तोडून, शेतं खणून, अर्धपोटी परतलेल्या माणसांना. एकाने ऐकायचं आणि दुसऱ्या बराकीत जाऊन सांगायचं. न्याई ओंतोसोरो हे पात्र त्यांनी सोबत्यांचा धीर खचू नये म्हणून सांगितलं, हे त्यांनी स्वतःच पुढे बोलून दाखवलं आहे: एक अडाणी, विकली गेलेली बाई जर एवढी ताठ उभी राहू शकते, तर आपण का नाही? हे डोक्यात ठेवून 'बूमी मानुसिया' पुन्हा चाळा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुढे काय होणार याची टांगणी, माणसं ठळक रंगांत, महत्त्वाची गोष्ट दोनदा-तीनदा सांगितलेली. ही कीर्तनकाराची रीत आहे, पाठांतरावर जगणारी. शांत खोलीत एकट्याने वाचायच्या कादंबरीची मापं लावली की ती उणी दिसते. त्यांना संयत लिहिताच येत नव्हतं, असा तुमचा समज झाला असेल तर 'बुकान पासार मालाम' वाचा. 1951ची छोटी कादंबरी. नुकताच तुरुंगातून सुटलेला मुलगा जकार्ताहून आगगाडीने ब्लोराला येतो, कारण वडील क्षयाने आजारी आहेत. घर मोडकळीला आलंय. वडील जातात. बस, एवढंच. नावाचा अर्थ 'ही रात्रीची जत्रा नव्हे': जत्रेत माणसं घोळक्याने येतात आणि घोळक्यानेच परततात, जगण्यातून मात्र एकेकट्याने उठून जावं लागतं. त्या पुस्तकात एकही वाक्य चढ्या आवाजात नाही.

भाषेच्या साधेपणाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण माझ्या मते प्रामचं राष्ट्रीय स्थान इथेच आहे. (तिकडे त्यांना सगळे 'प्राम'च म्हणतात, मीही तसंच म्हणते.) त्यांची मायबोली जावानीज. या भाषेत कोणाशी बोलताय त्यावर सगळे शब्दच बदलतात. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे. तिथे खाणं, जाणं, घर, डोळे यांनाही वरच्यासाठी एक शब्द आणि खालच्यासाठी दुसरा. तोंड उघडलं की आपली पायरी जाहीर होते. प्रामनी आयुष्यभर लिहिलं ते इंडोनेशियनमध्ये, म्हणजे बंदरांत आणि बाजारात वाढलेल्या मलायमधून घडलेल्या भाषेत. 1928च्या युवक प्रतिज्ञेत तरुणांनी हीच भाषा सगळ्यांची म्हणून स्वीकारली, कारण तिच्यात कोणी कोणापुढे वाकत नव्हतं. हा साधेपणा त्यांनी निवडलेला आहे. इंग्रजीत आल्यावर तो नुसता साधेपणा उरतो, त्यामागचा नकार दिसत नाही. अनुवादकाचा त्यात दोष नाही. उलट मॅक्स लेन यांनी हा अनुवाद केला तेव्हा ते जकार्तातल्या ऑस्ट्रेलियन दूतावासात नोकरीला होते, आणि त्यापायी त्यांना मायदेशी परत बोलावलं गेलं.

हा नकार एका प्रसंगात अगदी जवळून दिसतो. वर्गात मी तो नेहमी मोठ्याने वाचते. नायक मिंके डच शाळेत शिकणारा, हुशार, युरोपच्या विद्येवर लट्टू झालेला मुलगा. त्याला पकडून नेतात, कुठे ते सांगत नाहीत, आणि तो पोचतो तो नव्याने बूपाती झालेल्या स्वतःच्याच वडिलांसमोर. बूपाती म्हणजे डचांच्या हाताखालचा देशी जिल्हाधिकारी. पायातले बूट काढायचे. गुडघे टेकून सरपटत पुढे जायचं. थांबायचं, हात जोडून कपाळाशी न्यायचे, पुन्हा सरपटायचं. तो मनात म्हणतो, एवढं शास्त्र शिकून जर गोगलगायीसारखं फरशीवरून घसटायचं असेल, तर शिकलो कशाला? माझ्या पुढच्या पिढीला मी हे करायला लावणार नाही. दोन पानांचा प्रसंग. त्यात डच माणूस एकही नाही! पारतंत्र्य म्हणजे फक्त गोरा साहेब, असं मानून वाचणाऱ्याला प्राम इथे थांबवतात. ओंतोसोरोला विकणाराही तिचा सख्खा बापच आहे, साखर कारखान्यातला कारकून, ज्याला खजिनदाराची जागा हवी होती. तिचं नावही तिचं नाही. ती ज्या डच मालकाकडे राहते त्याच्या मळ्याचं नाव 'बाउटनझोर्ख'. गावकऱ्यांच्या जिभेवर त्याचं झालं 'ओंतोसोरो', आणि तेच तिला चिकटलं. 'न्याई' म्हणजे गोऱ्याच्या घरात लग्नावाचून राहणारी देशी बाई. अशी बाई हिशेब शिकते, मळा चालवते, डच वाचते, आणि शेवटी न्यायालयात तिला सांगितलं जातं, की स्वतःच्या मुलीवर तुझा कायद्याने हक्क नाही.

प्राम स्वतःच्या बाबतीतही याच वाटेने गेले. घराण्याचं नाव मूळ 'मास्तूर' होतं. त्यातला 'मास' त्यांना उमरावी थाटाचा वाटला, म्हणून तो गाळला आणि 'तूर' तेवढं ठेवलं. आडनावावरून माणूस जोखण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या एका अक्षराचं वजन वेगळं सांगायला नको.

मराठी वाचकाला या पुस्तकांत शिरायला आणखी एक दार आहे, आणि ते इंग्रजीतून वाचताना बंदच राहतं. 'बूमी मानुसिया' म्हणजे आपलेच भूमी आणि मनुष्य. चौथ्या कादंबरीचं नाव 'रुमाह काचा', काचेचं घर. काचा म्हणजे काच. दुसरीचं नाव 'आनाक सेमुआ बांग्सा'. 'बांग्सा' हा शब्द संस्कृतातल्या 'वंश'वरून तिकडे गेला आणि आज त्याचा अर्थ आहे राष्ट्र. मला विचाराल तर त्या चारही पुस्तकांचा विषय या एका शब्दात मावतो: वंशाचं राष्ट्र कसं झालं? जावानीज, चिनी, अरब, मेनादोचे, मिश्र रक्ताचे, सगळे आपापल्या वंशात जगत असताना 'आम्ही' हा नवा शब्द उच्चारायची हिंमत कुणाला आणि कशी झाली?

यात इतिहास किती आणि कल्पना किती? मिंके बेतला आहे तीर्तो आधी सूर्यो या खऱ्या पत्रकारावर. 1907 साली त्यांनी 'मेदान प्रियायी' हे मलाय भाषेतलं वर्तमानपत्र सुरू केलं, देशी लोकांनी स्वतःच्या बळावर चालवलेलं. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ते वकीलही मिळवून देत. डचांनी त्यांना हद्दपार केलं, पत्र बुडवलं, आणि ते विस्मरणात मेले. स्वतंत्र इंडोनेशियाच्या शालेय इतिहासात त्यांना जवळजवळ जागा नव्हती. प्रामनी साठच्या दशकात जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून हा माणूस शोधला. जमवलेलं साहित्य 1965मध्ये गेलं. मग बूरूवर केवळ आठवणीतून तो उभा केला. सरकारने तीर्तोंना राष्ट्रीय वीर म्हणून घोषित केलं ते 2006 साली, प्राम वारले त्याच वर्षी. लेखकाचं राष्ट्रीय साहित्यातलं स्थान म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देते. देशाने टाकून दिलेला पूर्वज एका कैद्याने देशाच्या हवाली केला.

बंदीही या स्थानाचा भाग आहे. 1980च्या ऑगस्टमध्ये, दोन माजी कैद्यांसोबत काढलेल्या 'हस्त मित्र' या प्रकाशनाने 'बूमी मानुसिया' छापली. पहिल्या 10 हजार प्रती दोनेक आठवड्यांत संपल्या. 1981च्या मेमध्ये मार्क्सवाद पसरवते या आरोपाखाली बंदी आली, आणि पुढची प्रत्येक कादंबरी आली तशी बंदीत गेली. तरीही लोक वाचत होते. मला जोगजाकार्तात एका निवृत्त शिक्षिकेने तिची प्रत दाखवली होती: झेरॉक्स, कडा पिवळ्या पडलेल्या, मधली काही पानं हाताने लिहून काढलेली, आणि वर गणिताच्या पाठ्यपुस्तकाचं मुखपृष्ठ शिवलेलं. 'एका रात्रीसाठी मिळायची,' ती म्हणाली, 'म्हणून आम्ही तिघी आळीपाळीने मोठ्याने वाचायचो.' त्याच शहरात 80च्या दशकाच्या अखेरीस ही पुस्तकं बाळगल्या-वाटल्याबद्दल तीन तरुणांना कित्येक वर्षांच्या शिक्षा झाल्या होत्या. बराकीत ऐकण्यासाठी रचलेली कथा पुन्हा एकदा ऐकलीच जात होती.

आता जड भाग. साठच्या दशकातले प्राम. कम्युनिस्ट पक्षाच्या जवळच्या 'लेक्रा' या संघटनेशी ते जोडलेले होते आणि 'बिन्तांग तिमूर' या दैनिकाची 'लेन्तेरा' ही पुरवणी चालवत. तिथून त्यांनी विरोधी लेखकांवर जे लिहिलं ते कडवट आणि निर्दय होतं. हाम्का या कादंबरीकारावर वाङ्मयचौर्याचा आरोप तिथेच महिनोन्महिने चालला. 1963 साली काही लेखकांनी कलेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्यावर 'लेन्तेरा' तुटून पडली, आणि पुढच्या वर्षी सुकार्नोंनी त्या जाहीरनाम्यावर बंदी घातली. बंदीचा हुकूम प्रामचा नव्हता. पण ज्याच्यावर नंतर बंदी आली, त्याने आधी दुसऱ्यांवरच्या बंदीला टाळी दिली, हे मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही.

जखम किती खोल होती ते 1995मध्ये दिसलं. प्रामना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला आणि 26 इंडोनेशियन लेखक-कलावंतांनी निषेध केला. त्यात मोख्तार लुबिस होते, जे स्वतः सुकार्नोंच्या कैदेत कित्येक वर्षं राहिले होते. आपल्याला 1958 साली मिळालेला मॅगसेसे परत करतो म्हणाले. म्हणजे एका कैद्याचा दुसऱ्या कैद्यावरचा राग. त्याला सहज खोटं म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला, 2000 साली राष्ट्राध्यक्ष अब्दुररहमान वाहिद यांनी 1965च्या बळींची माफी मागितली तेव्हा प्रामनी ती स्वीकारली नाही. नुसत्या शब्दांनी भागत नाही, न्याय हवा, असं त्यांचं म्हणणं. जाहीरनाम्यावर सही केलेले गुनावान मोहामाद यांनी त्यांना खुलं पत्र लिहून मंडेलांची आठवण दिली. प्राम बधले नाहीत. मला दोघांचंही पटतं, आणि वर्गात यावर दर वर्षी भांडण होतं.

माझं मत विचाराल तर असं: 'लेन्तेरा'तले प्राम आणि 'रुमाह काचा' लिहिणारे प्राम यांच्यात बूरूची वर्षं आहेत. कबुलीजबाब त्यांनी कधी दिला नाही. पण 'रुमाह काचा'त त्यांनी जे केलं ते अनेक कबुलीजबाबांपेक्षा मोठं आहे. तीन कादंबऱ्या मिंके 'मी' म्हणून बोलतो. चौथीत अचानक 'मी' बदलतो. आता बोलतो पांगेमानान, मिंकेवर पाळत ठेवणारा देशी पोलीस अधिकारी, फ्रान्समध्ये शिकलेला, मिंकेला मनोमन मानणारा, आणि रोज त्याचा गळा आवळणारा. आपण वाचलेली आधीची तीन पुस्तकं म्हणजे त्याने जप्त केलेली हस्तलिखितं आहेत, हे इथे उघड होतं. ज्या लेखकाचे कागद लष्कराने नेले, त्याने जप्त करणाऱ्याच्या डोक्यात शिरून त्याच्या तोंडून पूर्ण कादंबरी बोलावी! त्या माणसाला राक्षस करणं किती सोपं होतं. प्राम त्याला सद्सद्विवेक देतात, आणि तो विवेक असूनही तो काय काय करतो ते दाखवतात. जगातल्या मोठ्या कादंबऱ्यांत यांना बसवायचं की नाही, याचा माझा निर्णय या चौथ्या पुस्तकावर उभा आहे. आणि तो 'हो' असा आहे.

जगाने मात्र बहुतेक वेळा पहिलंच पुस्तक वाचलं, आणि कैद्याची प्रतिमा त्याच्यावर चिकटवली. गंभीरपणे वाचणारेही होते. राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी त्यांच्यावर लिहिलं, त्यांचे अनुवाद केले. छापील शब्दातून राष्ट्र कल्पिलं जातं हा त्यांचा सिद्धान्त ज्यांना माहीत आहे, त्यांनी तिसरी कादंबरी 'जेजाक लांगकाह' वाचावी. तिथे तेच एका छापखान्यात, कर्ज, खटले आणि वर्गणीदारांच्या याद्यांतून घडताना दिसतं. नोबेल मिळालं नाही, आजवर कोणाही इंडोनेशियन लेखकाला मिळालेलं नाही. त्यावरून लेखकाचं माप काढण्यात मला रस नाही. पुढची पिढी त्याच्याशी काय करते, ते बघावं. आजचे कादंबरीकार एका कुर्नियावान ('एका' हे त्यांचं नावच) यांचं पहिलं पुस्तक प्रामवरचा अभ्यास होता. मग त्यांनी भुताखेतांच्या, दंतकथांच्या वेगळ्याच वाटेने कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या जगभर गेल्या. ज्याच्यापासून दूर जायला आधी त्याच्यावर पुस्तक लिहावं लागतं, त्याचं स्थान काय असेल याचा अंदाज करा.

उणिवाही सांगते. 'आनाक सेमुआ बांग्सा'त माणसं एकमेकांना लांबलचक व्याख्यानं देतात. ओंतोसोरोची मुलगी ॲनेलीस नाजूक बाहुलीच्या पुढे फारशी जात नाही. 'गादिस पांताई' ही तीन भागांची असायची होती, आजीवर आधारलेली. उरलेले दोन भाग 1965च्या धुमश्चक्रीत गेले, म्हणून तिच्यावर पुरता निवाडा कुणालाच करता येणार नाही.

तर तुम्ही आता काय करावं? पहिलं पुस्तक वाचून थांबू नका. आधी 'बुकान पासार मालाम' वाचा, एका बैठकीत होईल, भाषेबद्दलची शंका तिथेच फिटेल. मग चौकडीतली उरलेली तीन, क्रमाने. चौथी आधी उघडू नका, सगळा घाव वाया जाईल. त्यानंतर बूरूच्या आठवणी, 'न्यान्यी सून्यी सेओरांग बीसू'. त्यात मुलांना लिहिलेली, कधीच टपालात न पडलेली पत्रं आहेत, आणि बेटावर मेलेल्या कैद्यांची यादी आहे: नाव, वय, तारीख, कशाने गेला. ती यादी उडी मारून पुढे जाऊ नका, सावकाश वाचा. तेव्हा तुमच्या लक्षात येईल, की 'बूमी मानुसिया' ऐकायला संध्याकाळी कोण कोण बसलं असेल.